बाप्तिस्म्यानंतरही मूर

२२ सप्टेंबर १६०९ रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दवंडी पिटली गेली. राजा तिसरा फिलिप याचा हुकूम होता: या मुलखातल्या सगळ्या मोरिस्कोंनी तीन दिवसांत घरं सोडावीत, नेमून दिलेलं बंदर गाठावं आणि तिथून गलबतात बसून उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चालतं व्हावं. अंगाखांद्यावर मावेल तेवढं सामान न्यावं. जमीन, घर आणि शेतातलं उभं पीक जमीनदाराचं. कुणी घराला आग लावली किंवा चीजवस्तू पुरून ठेवली, तर साऱ्या गावाला देहदंड. शंभरातली सहा कुटुंबं मात्र मागे ठेवायची होती, कारण उसाचे घाणे, भाताची शेती आणि पाटाचं पाणी सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. चार वर्षांखालची मुलंही, आईबापांची तयारी असेल तर, मागे ठेवता येणार होती.

हाकलली जाणारी ही माणसं कायद्याने ख्रिस्ती होती. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता, त्यांच्या बापाचा आणि आजाचाही झालेला होता. त्यांची नावं हुआन, लुईस, मारिया अशी. त्यांची लग्नं चर्चमध्ये लागलेली. तरीही त्यांना 'मोरिस्को' म्हणत. मूर म्हणजे मुसलमान, आणि मोरिस्को म्हणजे मूरासारखा. हे 'सारखा' त्यांच्या नातवंडांनाही पुसता आलं नाही.

मुसलमान हा काही वंश नव्हे, तो धर्म आहे. तेव्हा मुसलमानांबद्दलच्या द्वेषाला वंशद्वेष म्हणू नये, असा युक्तिवाद युरोप-अमेरिकेत नेहमी ऐकू येतो. शब्दकोशापुरता तो बरोबर आहे. पण स्पेनच्या सोळाव्या शतकाशी त्याचा मेळ बसत नाही. तिथे लाखो मुसलमानांना धर्म सोडायला लावला. त्यांनी तो सोडला, काहींनी मनापासून, बऱ्याच जणांनी वरवर. मग ज्या कारणासाठी त्यांचा छळ चालला होता ते कारण संपायला हवं होतं. ते संपलं नाही. ते श्रद्धेतून उठून रक्तात जाऊन बसलं.

सुरुवात एका कराराने झाली. नोव्हेंबर १४९१ मध्ये ग्रानादाचा शेवटचा सुलतान अबू अब्दुल्ला, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, त्याने स्पेनची राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांच्याशी शरणागतीचा तह केला आणि २ जानेवारी १४९२ रोजी शहर त्यांच्या ताब्यात दिलं. तहाची कलमं उदार होती. मुसलमानांनी आपला धर्म पाळावा, मशिदी त्यांच्याच राहतील, तंटे त्यांचेच काझी सोडवतील, कुणावरही धर्मांतराची बळजबरी होणार नाही. ग्रानादाचे पहिले आर्चबिशप एर्नांदो दे तालावेरा यांनी हे मनावर घेतलं. साठी उलटल्यावर ते अरबीचे धडे गिरवू लागले, हाताखालच्या पाद्र्यांनाही त्यांनी ती शिकायला लावलं. त्यांना माणसं ख्रिस्ती करायचीच होती, पण समजावून.

तेवढी सबुरी वरच्यांना नव्हती. १४९९ च्या अखेरीस तोलेदोचे आर्चबिशप सिस्नेरोस ग्रानादात आले आणि घाऊक बाप्तिस्मे सुरू झाले. बिब-रांब्ला चौकात अरबी हस्तलिखितांची होळी पेटली; वैद्यकाची पुस्तकं तेवढी वाचवून आल्काला विद्यापीठाकडे धाडली. आल्बाइसिन हा मुसलमानांचा डोंगरउतारावरचा मोहल्ला पेटून उठला. सरकारने म्हटलं, तुम्ही बंड केलंत, तेव्हा करार मोडला; आता धर्म बदला नाहीतर शिक्षा भोगा. १५०२ मध्ये साऱ्या कास्तिय राज्यातल्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच दोन रस्ते उरले, आणि देशत्यागाच्या अटी अशा जाचक की तो रस्ता जवळजवळ बंदच होता. व्हॅलेन्सियात तर १५२१ च्या सुमारास सरदारांविरुद्ध उठलेल्या कारागिरांच्या जमावाने मुसलमान कुळांना वेठीला धरून, पाटाच्या पाण्यात केरसुण्या आणि डहाळ्या बुडवून त्यांच्यावर शिंपडत घाऊक बाप्तिस्मे उरकले. हे बाप्तिस्मे खरे मानायचे की नाही, यावर पुढे १५२५ मध्ये धर्मपंडितांची सभा बसली. सभेचा निर्णय झाला की खरेच मानायचे. मरण आणि बाप्तिस्मा यांतून त्यांनी बाप्तिस्मा निवडला, म्हणजे निवड तर केलीच. १५२६ नंतर स्पेनमध्ये कायद्याच्या लेखी एकही मुसलमान उरला नाही.

रक्ताचा विचार त्याच्या कितीतरी आधी रुजला होता, आणि त्याचा पहिला घाव ज्यूंच्या वंशजांवर पडला होता. १४४९ मध्ये तोलेदो शहरात पेद्रो सार्मिएन्तो याच्या पुढाकाराने ठराव झाला की ज्यू कुळातून आलेल्या ख्रिस्ती माणसाला शहरात अधिकारपद मिळणार नाही. पोप पाचवे निकोलस यांनी त्याच वर्षी त्याचा निषेध केला. बाप्तिस्मा झालेल्या माणसांत जुना-नवा भेद करणं धर्माविरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पण शंभर वर्षांनी, १५४७ मध्ये, आर्चबिशप सिलिसेओ यांनी त्याच तोलेदोच्या कॅथेड्रलमध्ये असाच नियम आणला, आणि १५५५ मध्ये दुसऱ्या एका पोपने त्याला संमती दिली. स्पॅनिशमध्ये त्याला 'लिंपिएसा दे सांग्रे' म्हणत, रक्ताची शुद्धी. विद्यापीठांची वसतिगृहं, सरदारांचे लष्करी पंथ, मठ, सगळीकडे हा नियम पसरला. नेमणुकीआधी उमेदवाराच्या गावी चौकशी करणारे जात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना साक्षीला बसवत आणि आई-बाप, आजा-आजीपर्यंत कुणी ज्यू किंवा मूर होतं का, ते लिहून आणत. कागद करावेच लागत, कारण चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ग्रानादाचा मोरिस्को आणि त्याचा 'जुना ख्रिस्ती' शेजारी उभे केले तर वेगळे ओळखता येत नसत.

१६११ मध्ये सेबास्तियान दे कोवार्रुबियास यांचा मोठा स्पॅनिश कोश छापला गेला. त्यात 'रासा' हा शब्द आहे, इंग्रजीतल्या 'रेस'चा भाऊबंद. त्याचा पहिला अर्थ दिला आहे तो अस्सल पैदाशीच्या घोड्यांचा, ज्यांना ओळखीसाठी डाग देतात. माणसांच्या कुळाबद्दल बोलताना मात्र तो वाईट अर्थाने येतो, असं कोशकार सांगतात, आणि उदाहरण देतात अंगात मूराचा किंवा ज्यूचा अंश असण्याचं. म्हणजे वंश या अर्थाचा शब्द युरोपातल्या एका थोर भाषेत स्थिर होत होता, तेव्हा त्याच्या व्याख्येतच धर्माची नावं होती. दुधाबद्दलही तीच भीती. मोरिस्को दाईचं दूध पाजू नये, त्यातून बाळाला खोड लागते, असं त्या काळचे लेखक बजावत.

ही गुंतागुंत सगळ्यांत नेमकी मांडली ती एका म्हाताऱ्या मोरिस्कोने. १ जानेवारी १५६७ रोजी ग्रानादात दुसऱ्या फिलिपचा हुकूम जाहीर झाला. तीन वर्षांत अरबी बोलणं, लिहिणं, वाचणं बंद. अरबी नावं बंद. बायकांनी चेहरा झाकायचा नाही, मोरिस्को पद्धतीचे कपडे शिवायचे नाहीत. हमाम पाडून टाकायचे. लग्नात झांब्रा हा वाजंत्रीचा नाच नको. शुक्रवारी आणि सणासुदीला घरांची दारं उघडी ठेवायची, म्हणजे आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसेल.

फ्रान्सिस्को नुन्येस मुले तेव्हा बराच वृद्ध होता. मोरिस्कोंमधल्या घरंदाज कुळातला. लहानपणी तो तालावेरांच्या पदरी हुजऱ्या होता. त्याने ग्रानादाच्या न्यायालयाचा प्रमुख पेद्रो दे देसा याला लांबलचक अर्ज सादर केला. आमचा वेश मुसलमानी नाही, तो ग्रानादाचा आहे, असं त्यात त्याने लिहिलं. मोरोक्कोचे मुसलमान वेगळे कपडे घालतात, तुर्क आणखी वेगळे. आमच्या पुरुषांनी तर कधीच कास्तियचा वेश धरलाय. वेशाने माणूस ख्रिस्ती होत असता तर आम्ही पुरुष आमच्या बायकांपेक्षा जास्त ख्रिस्ती ठरलो असतो. अरबी ही काही मुसलमानांची मिरास नाही. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबीतच प्रार्थना करतात. माल्टाचे लोक ख्रिस्ती आहेत आणि तेही तीच भाषा बोलतात. हमाम अंग धुण्यासाठी असतात. त्या गर्दीत कुणी धर्मविधी करतं का, आणि हमामवाले बहुतेक जुने ख्रिस्तीच नाहीत का? जुनी नावं पुसली तर कोण कुणाचा ते कळणार नाही, सोयरीक कुठे करतोय तेही समजणार नाही. आणि झांब्रा? तालावेरा डोंगरातल्या गावांत मिस्सा करायला जात, तेव्हा ऑर्गनच्या जागी झांब्राच वाजत असे; अर्जदाराने ते स्वतः पाहिलं होतं.

हा अर्ज आजही वाचताना थांबवतो. हुकमात अल्ला, कुराण, नमाज यांबद्दल नवं काहीच नव्हतं; ते आधीच गुन्हे होते. बंदी आली होती ती आंघोळीवर, पायातल्या जोड्यांवर, आजीच्या बोलीवर. नुन्येस मुलेने श्रद्धा आणि राहणी यांतला धागा सुटा करून दाखवला, आणि सरकारला नेमका तोच सुटा करायचा नव्हता. त्याच अर्जात एक बोचणारी जागाही आहे. गिनीहून आणलेले काळे गुलाम सगळ्यांत खालचे समजले जातात, तरी त्यांना आपल्या भाषेत गायला-नाचायला मोकळीक आहे, मग आम्हाला का नाही, असं तो विचारतो. स्वतः खाली ढकलला जात असताना त्याने आपल्याखाली आणखी एक पायरी गृहीत धरली. त्याची बाजू खरी असली तरी हे नजरेआड करता येत नाही.

कपड्यांवरून माणूस ओळखण्याची ही चूक पुढच्या काळातही फार लांब गेली. १५ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला चार दिवस झाले असताना, अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घालून मारण्यात आलं. ते शीख होते. मारणाऱ्याने पगडी, दाढी आणि गव्हाळ रंग पाहिला. तेवढ्यावरून त्याने त्यांचा धर्म ठरवला होता.

तिकडे ग्रानादात देसाने नुन्येस मुलेचा अर्ज ऐकला नाही. १५६८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला आल्पुहार्रा डोंगरात उठाव झाला. उठावकऱ्यांनी पाद्री आणि जुन्या ख्रिस्ती लोकांची क्रूर कत्तल केली. त्यांच्याविरुद्ध पाठवलेल्या फौजांनी गावंच्या गावं कापली आणि बायकामुलं गुलाम म्हणून विकली. लढाई १५७१ पर्यंत चालली. त्याआधीच, नोव्हेंबर १५७० मध्ये, ग्रानादाच्या मोरिस्कोंना, बंडात नसलेल्यांनाही, उचलून कास्तियच्या गावोगावी पांगवण्यात आलं. ऐन थंडीत ऐंशी हजारांच्या आसपास माणसं साखळ्यांनी बांधलेल्या तांड्यांतून चालली. कितीतरी वाटेतच मेली.

इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, त्यांच्या मागे होतंच. तिथल्या आरोपांत धर्मतत्त्वांपेक्षा स्वयंपाकघराच्याच गोष्टी जास्त भेटतात. डुकराचं मांस पुढे केलं तर खाल्लं नाही. वाइन घेतली नाही. चरबीऐवजी तेलात भाजी केली. जमिनीवर बसून कुसकुस खाल्लं. हातांना मेंदी लावली. शुक्रवारी धुतलेला सदरा घातला. मयताला आंघोळ घातली. साक्ष शेजारीण द्यायची किंवा घरातली मोलकरीण. यातले पुष्कळ आरोपी खरोखरच मनातून मुसलमान होते, हेही नाकारता येत नाही. १५०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या एका धर्मशास्त्र्याने त्यांना फतवा पाठवला होता की संकटात वरवर ख्रिस्ती रिवाज पाळले तरी मनातलं ईमान टिकतं. आरागोनच्या मोरिस्कोंना अरबी विसरायला झाली, तेव्हा त्यांनी आपली धर्मपुस्तकं स्पॅनिश भाषेत पण अरबी लिपीत लिहिली. १८८४ मध्ये आल्मोनासिद दे ला सिएर्रा गावात एक जुनं घर पाडताना दुहेरी तक्तपोशीच्या पोकळीत अशा हस्तलिखितांचा साठाच सापडला.

पण मनापासून ख्रिस्ती झालेल्यांचं काय झालं, त्यावरूनच या व्यवस्थेची खरी पारख होते. इग्नासियो दे लास कासास हा ग्रानादाचा मोरिस्को येशूसंघात पाद्री झाला; अरबी येणाऱ्या धर्मोपदेशकांची गरज आहे, असं तो वरिष्ठांना कळकळीने लिहीत राहिला. १५९३ मध्ये त्याच येशूसंघाने ज्यू आणि मुसलमान वंशाच्या माणसांना प्रवेशबंदी केली. पुढे ती सैल झाली, पण पूर्णपणे उठली ती १९४६ मध्ये.

याच सुमारास ग्रानादात एक विलक्षण प्रकार घडला. १५९५ पासून शहराबाहेरच्या टेकडीवर शिशाचे गोल पत्रे सापडू लागले, त्यांवर अरबी मजकूर कोरलेला. स्पेनमध्ये ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या पहिल्या संतांत अरब होते, असं त्यांत म्हटलं होतं. सारं शहर भारावलं. पत्रे बनावट होते आणि ते घडवण्याचा संशय मिगेल दे लुना आणि आलोन्सो देल कास्तियो या मोरिस्को भाषांतरकारांवर आहे. पोपने त्यांना खोटं ठरवलं ते १६८२ मध्ये. लबाडीच ती, पण तिच्यामागची तळमळ कळण्यासारखी आहे. अरब असूनही ख्रिस्ती असता येतं, एवढंच कुणाला तरी सिद्ध करायचं होतं.

दरबारात तोवर वेगळीच गणितं मांडली जात होती. मोरिस्को लवकर लग्नं करतात, त्यांच्यात ना कुणी जोगी होतं ना जोगीण, ना कुणी लढाईवर मरायला जातं, त्यामुळे त्यांची संख्या फुगत चालली आहे, ही तक्रार पुस्तकापुस्तकांतून येत होती. ते तुर्कांचे हेर आहेत, ही दुसरी तक्रार. १५८७ मध्ये सेगोर्बेचा बिशप मार्तिन दे साल्वातिएर्रा याने सुचवलं की या लोकांना न्यूफाउंडलंडच्या गोठलेल्या किनाऱ्यावर नेऊन सोडावं आणि त्यांना खच्ची करावं, म्हणजे ते आपोआप संपतील. वंश संपवण्याचा हा उपाय एका धर्मगुरूने बाप्तिस्मा झालेल्या माणसांसाठी सुचवला होता. विरोध मुख्यतः व्हॅलेन्सियाच्या जमीनदारांचा होता. ज्याच्याकडे मूर त्याच्याकडे सोनं, अशी तिकडे म्हणच होती. त्यांना पुढे मोरिस्कोंची मालमत्ता देऊन गप्प बसवण्यात आलं. १६०९ च्या एप्रिलमध्ये राजाने हकालपट्टीला मंजुरी दिली. त्याच महिन्यात प्रोटेस्टंट डचांशी बारा वर्षांचा नामुष्कीचा तह झाला होता, आणि ती नामुष्की झाकायला काहीतरी हवं होतं.

१६१४ पर्यंत सुमारे तीन लाख माणसं देशाबाहेर गेली. एकट्या व्हॅलेन्सियाची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती उठली. उत्तर आफ्रिकेत ओरानजवळ उतरलेल्या पुष्कळांना तिथल्या टोळ्यांनी लुटलं, मारलं. त्यांच्या नजरेला हे ख्रिस्ती कपड्यांतले परके होते. पुढच्या हुकमांत मुसलमानी मुलखात जाणाऱ्यांची सात वर्षांखालची मुलं ठेवून घेतली जाऊ लागली, म्हणून कित्येक कुटुंबांनी आपण फ्रान्सला जातो असं सांगून मार्सेयचं गलबत गाठलं. सर्वांत शेवटी पाळी आली मुर्सियातल्या रिकोते खोऱ्याची. तिथले लोक सच्चे ख्रिस्ती आहेत, असं चौकशीला गेलेल्या पाद्र्याने लिहून दिलं होतं, तरी त्यांनाही काढलं. सेर्व्हान्तेसच्या 'दोन किहोते'च्या १६१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात वेश पालटून मायदेशी परतणारा एक मोरिस्को भेटतो. त्याचं नावही रिकोतेच आहे.

धर्म आणि रक्त एकत्र मोजणारी ही मोजपट्टी पोर्तुगीजांच्या हाती आपल्या किनाऱ्यावरही आली. १४९८ च्या मे महिन्यात वास्को द गामाचा पहिला माणूस कालिकतला उतरला, तेव्हा त्याच्याशी त्याला कळणाऱ्या भाषेत बोलले ते ट्युनिसचे दोन मुसलमान. त्यांना कास्तियची बोली येत होती. पण पोर्तुगीजांच्या लेखी इथला प्रत्येक मुसलमान, अरब असो, तुर्क असो की कोकणी, 'मोरो'च ठरला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा परत घेतला आणि शहरातल्या मुसलमानांची चार दिवस कत्तल केली. मेलेल्यांचा सहा हजारांचा आकडा त्याने राजाला स्वतःच कळवला. वाचलेल्या मुसलमान बायकांतल्या गोऱ्या बायका निवडून, बाप्तिस्मा देऊन, त्याने आपल्या शिपायांशी त्यांची लग्नं लावली. मलबारच्या सावळ्या बायका त्याला त्यासाठी पसंत नव्हत्या. धर्मावरून मारलं, आणि कुणाला वाचवायचं ते रंगावरून ठरवलं.

पैदास, वाण या अर्थाचा 'कास्ता' हा शब्दही याच लोकांनी आणला. इथल्या जातींना त्यांनी तो लावला आणि त्यातून इंग्रजीत 'कास्ट' आला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं. गार्सिया द ओर्ता हे नाव मराठी वाचकाला परकं नाही: अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर औषधोपचार करणारा वैद्य, मुंबई बेटाचा भाडेपट्टा मिळालेला, आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या वनौषधींच्या प्रख्यात ग्रंथाचा लेखक. त्याचे आईबाप १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले आणि पोर्तुगालमध्ये बळजबरीने ख्रिस्ती केलेले ज्यू होते. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. फिलिपिन्समध्ये १५६५ नंतर पाय रोवलेल्या स्पॅनिशांनीही मिंदानाओ आणि सुलूच्या मुसलमानांना 'मोरो' म्हटलं. स्पेनशी त्यांचा कसलाही संबंध नव्हता, तरी नाव चिकटलं. आज तिथले मुसलमान ते अभिमानाने लावतात.

स्पेनमध्ये इन्क्विझिशन १८३४ मध्ये कायमचं बंद झालं आणि रक्तशुद्धीचे दाखले मागण्याची चाल १८६५ च्या कायद्याने संपली. ३१ मार्च १९९२ रोजी, ज्यूंच्या हकालपट्टीच्या हुकमाला पाचशे वर्षं झाली त्या दिवशी, राजा हुआन कार्लोस माद्रिदच्या सिनॅगॉगमध्ये गेले. २०१५ मध्ये स्पॅनिश संसदेने कायदा करून त्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाची वाट उघडली. मोरिस्कोंच्या वंशजांनीही तशी मागणी केली होती. तो कायदा त्यांना लागू झाला नाही.

त्या वंशजांतले पुष्कळ ट्युनिशियात आहेत. तिथल्या उस्मान देय या शासकाने १६०९ नंतर आलेल्यांना आसरा आणि जमिनी दिल्या. तेस्तूर गावाच्या मोठ्या मशिदीच्या मिनारावर त्यांनी बसवलेलं घड्याळ आहे, त्याचे काटे उलटे, उजवीकडून डावीकडे फिरतात. ट्युनिस शहरात त्यांनी 'शेशिया' ही लाल लोकरी टोपी करण्याचा धंदा उभारला. लोकर विणायची, गरम पाण्यात घोळून आटवायची, काटेरी फळाने पिंजून मऊ करायची, मग रंगवायची. जुन्या शहरातल्या शेशियाच्या बाजारात आजही काही दुकानं चालू आहेत, आणि या धंद्याच्या बोलीत स्पॅनिश शब्द अजून वापरात आहेत.